शरदातलं तळं, धुकं आणि पाखरं: हौशी फोटोग्राफरसाठी पहाटेची पूर्ण तयारी

धुक्यातल्या तळ्यावरून परतताना बहुतेकांच्या मेमरी कार्डवर एकाच जातीचे फोटो असतात. मधोमध एक करडा ठिपका, भोवती करडं पाणी, वर करडं आकाश. डोळ्यांना जे दिसलं होतं त्यातलं काहीच उतरलेलं नसतं, मग दोष लेन्सवर जातो आणि आणखी लांब पल्ल्याच्या लेन्सचा शोध सुरू होतो. खरं तर लेन्स क्वचितच कमी पडते. अंतर जास्त पडलेलं असतं.

धुक्यात अंतर म्हणजे नुसती लांबी नसते. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये जितकी हवा, तितके पाण्याचे थेंब, आणि प्रत्येक थेंब थोडा थोडा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळातला फरक, खातो. लेन्स पक्षी मोठा करून देईल, पण मधले थेंब काढून देणार नाही. म्हणून या लेखात सेटिंग्ज येतील, सामान येईल, पण गाडी फिरून फिरून अंतरावरच येईल.

आदल्या संध्याकाळी: धुकं पडणार का?

शरदात तळ्यावर धुकं दोन वाटांनी येतं. पहिलं पाण्यावरून उठणारं. उन्हाळाभर तापलेलं पाणी सावकाश थंड होतं, कारण वजनाला वजन घेतलं तर पाणी हवेच्या सुमारे चौपट उष्णता साठवतं. रात्री हवा गार झाली, पण पाणी अजून कोमट आहे, अशा वेळी पृष्ठभागावरची वाफ थंड हवेत शिरून लगेच गोठल्यासारखी पांढरी होते. हे धुकं गुडघाभर ते पुरुषभर उंचीचं असतं, त्याच्या बटा उठतात, सरकतात, विरतात. फोटोसाठी माझी पसंती यालाच, कारण पक्ष्याचं अंग धुक्यात आणि मान वर मोकळी असं दृश्य यातच मिळतं.

दुसरं धुकं जमिनीचं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्यालगतची ओलसर हवा थंड होते आणि धुकं धरतं. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून खाली घसरते आणि तळ्याच्या खोलगट भागात साचते. हे धुकं दाट, एकसारखं आणि कधी कधी इतकं घट्ट असतं की दहा पावलांवरचं लव्हाळंही दिसत नाही.

दोन्हींसाठी संध्याकाळी बघायच्या गोष्टी जवळपास त्याच. आकाश निरभ्र असावं. ढगांचं पांघरूण असेल तर जमिनीची उष्णता अडून राहते. वारा जवळपास पडलेला हवा, पण अगदी शून्य नको. किंचित हालचाल असली की गारवा वरच्या थरात पसरतो. हवामानाच्या ॲपमध्ये पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) शेजारी शेजारी बघा. दोन्हींत दोन-अडीच अंशांहून कमी फरक असेल तर गजर लावून झोपा. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल आणि रात्री आकाश मोकळं झालं असेल, तर आणखी उत्तम.

वेळेबद्दल एक गैरसमज आहे. सूर्य उगवला की धुकं लगेच विरतं असं लोक धरून चालतात आणि उजाडताना दाट धुकं दिसलं की वैतागून निघून जातात. प्रत्यक्षात सूर्योदयानंतर थोडा वेळ धुकं उलट वाढू शकतं, कारण ऊब मिळाली की खालची हवा ढवळली जाते. विरण्याचा काळ त्यानंतरचा, आणि तोच सगळ्यात मोलाचा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोहोचा आणि नंतर दोन-तीन तास तरी हाताशी ठेवा.

आदल्या दुपारी: तळ्याचं मोजमाप

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. दिवसाउजेडी तळ्याला एक फेरी मारा. जिथे बसायचा विचार आहे तिथून ओळखीच्या खुणा निवडा: वाकलेलं झाड, पाण्यात उभा खांब, पाणकणसाचं बेट, पलीकडच्या काठावरचा मोठा दगड. प्रत्येकाचं अंतर पावलांनी किंवा फोनमधल्या नकाशावर मोजा आणि लिहून ठेवा. पहाटे यातली सर्वांत दूरची कोणती खूण जेमतेम दिसते ते बघितलं की त्या क्षणीची दृश्यता कळते.

ती का हवी? १९२४ साली जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड कोशमीडर यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, गडद वस्तूचा मागच्या आकाशाशी असलेला कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर झपाट्याने घसरतो. समजा दृश्यता २०० मीटर आहे. मग २० मीटरवर सुमारे ६८ टक्के कॉन्ट्रास्ट उरतो, ५० मीटरवर सुमारे ३८ टक्के, आणि १०० मीटरवर जेमतेम १४. म्हणजे अर्ध्या दृश्यतेवरचा बगळा तुम्हाला दिसतो खरा, पण कॅमेऱ्यासाठी तो जवळपास संपलेला असतो.

यातून एक साधा नियम निघतो. विषय दृश्यतेच्या एक चतुर्थांश अंतराच्या आत हवा आणि पार्श्वभूमी अर्ध्याच्या पलीकडे. २०० मीटर दृश्यतेत पक्षी ५० मीटरच्या आत, मागची झाडं १०० मीटरच्या पुढे. असं जमलं की पक्षी गडद आणि ठसठशीत राहतो, मागची झाडं सावलीसारखी फिकी होतात, आणि मागचा खांब, पाटी, कुंपण असला सगळा पसारा धुकं आपणहून झाकून टाकतं. एरवी ज्या काठाकडे कॅमेरा वळवावासा वाटत नाही, तोच काठ धुक्यात सोन्याचा होतो.

त्याच फेरीत पक्ष्यांच्या वागण्याच्या खुणाही टिपून घ्या. पांढरी शिंतोडलेली विष्ठा जिथे दिसते तो पाणकावळ्यांचा किंवा बगळ्यांचा नेहमीचा खांब. चिखलात बदकांच्या पावलांची दाटी असेल तर तिथे ती चरायला येतात. काठावरच्या दगडावर माशांचे खवले आणि उग्र वासाची विष्ठा सापडली तर पाणमांजर आहे. आणि सूर्य नेमका कुठून उगवणार ते होकायंत्राच्या ॲपवर पाहून ठेवा. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि पुढे रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत जातो.

उजेड कोणत्या बाजूला घ्यायचा

सूर्य पाठीशी ठेवा, ही पहिल्या धड्यातली शिकवण धुक्यात विसरून जा. धुक्याचे थेंब त्यांच्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तो प्रकाश तुमच्यापासून दूर जातो आणि धुकं मळकट, निर्जीव दिसतं. सूर्य समोर किंवा समोरच्या कोपऱ्यात असेल तर तोच प्रकाश लेन्सकडे येतो, धुकं आतून पेटतं, बदकाच्या पाठीला सोनेरी कड येते आणि पक्ष्याने चोच उघडली तर श्वासाची वाफही दिसते.

सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर, समोर डाव्या किंवा उजव्या हाताला असेल ती जागा सर्वांत सोयीची. थेट सूर्याकडे तोंड करायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. आरसा असलेल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्य बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, नाहीतर सूर्याची भुतं फोटोभर नाचतील.

फ्लॅश अजिबात नको. प्राण्यांना त्रास होतो हे तर आहेच. शिवाय लेन्सजवळचे थेंब उजळून फोटोवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो.

कॅमेऱ्याची मांडणी

फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती, अशी ठेवा. धुक्यात कॉन्ट्रास्ट इतका कमी असतो की हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) एका अरुंद ढिगाऱ्यासारखा दिसतो; तो नंतर ताणायचा तर रॉमधली जास्तीची माहिती लागते. जेपेगमध्ये ताणलं की पट्टे पडतात.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती उजेड घ्यायचा, हा नवशिक्यांचा पहिला अडथळा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं समजून हिशोब करतो. धुकं त्याहून उजळ असतं, म्हणून मीटरवर सोडलं की धुकं करडं होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३ करा आणि हिस्टोग्रामचा ढीग उजव्या बाजूला सरकू द्या, मात्र उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. पांढरा हंस असेल तर दक्षता दुप्पट: धुक्यातून अचानक ऊन फुटलं की त्याची पिसं क्षणात जळतात. उजळ भाग लुकलुकून दाखवणारा इशारा चालू ठेवा. सूर्य फ्रेममध्ये घेऊन काळी आकृती हवी असेल तेव्हा हे सगळं उलटं, शून्यापासून -०.७ पर्यंत.

शटर स्पीडसाठी मोड मॅन्युअल आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) ऑटो ही जोडी सोयीची. कॉम्पेन्सेशन त्यातही चालतं का ते आधी घरी तपासून घ्या. ध्यानस्थ बगळ्याला १/१६० सेकंदही पुरतं, पोहणाऱ्या बदकाला १/५०० हवं, पंख फडफडताना किंवा उडताना १/२००० च्या आसपास. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात १/२००० चा हट्ट धरू नका. तेव्हा स्थिर विषय घ्या, किंवा मुद्दाम १/३० ते १/६० वर उडत्या थव्याबरोबर कॅमेरा फिरवून पंखांचा अस्पष्टपणा येऊ द्या. धुक्याच्या कोऱ्या पार्श्वभूमीवर हा प्रयोग फार खुलतो, कारण मागे रेघोट्या पडायला काही नसतंच.

आयएसओची भीती सोडा, पण अर्धीच. धुक्याच्या गुळगुळीत भागात नॉइज (दाणेदारपणा) लवकर डोळ्यात भरतो हे खरं. मात्र आयएसओ ८०० वर काळपट फोटो काढून नंतर उजळण्यापेक्षा ३२०० वर नीट एक्स्पोज केलेला फोटो स्वच्छ निघतो.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते छोटं) एरवी पूर्ण उघडं ठेवायला हरकत नाही. फक्त एक हिशोब लक्षात असू द्या: फुल फ्रेम कॅमेरा, ५०० मिमी, एफ/५.६ आणि पक्षी २५ मीटरवर, तर स्पष्ट राहणारी खोली जेमतेम ८० सेंटीमीटर असते. पुढे-मागे पोहणारी हंसांची जोडी त्यात बसत नाही. दोघंही स्पष्ट हवेत तर एफ/९ किंवा एफ/११ वर जा, नाहीतर पुढच्याचा डोळा धरा आणि मागच्याला धुक्यात विरघळू द्या.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-केशरी तोल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पहाटेचा निळेपणा इमानेइतबारे पुसून टाकतो. तो ५२०० ते ५६०० केल्विनच्या आसपास पक्का करा. मग सावलीतलं धुकं निळसर आणि उन्हातलं केशरी, असे दोन्ही रंग एकाच फ्रेममध्ये टिकतात.

फोकस: इथे खरी कसोटी

ऑटोफोकस कोणत्याही पद्धतीचा असो, त्याला कडा लागतात. धुकं नेमक्या कडाच मऊ करतं, आणि लेन्स घुईं घुईं करत पुढे-मागे शोधत बसते. मिररलेस कॅमेऱ्यांतली पक्षी ओळखण्याची सोय दाट धुक्यात हमखास दगा देते. शांत पाण्यात तर ती बदकाऐवजी त्याच्या प्रतिबिंबाचा डोळा पकडते.

अशा वेळी एकच छोटा फोकस पॉइंट निवडा आणि तो पक्ष्याच्या सर्वांत गडद-उजळ सीमेवर ठेवा. राखी बगळ्याच्या बाबतीत डोळ्यामागची काळी पट्टी. बदकाच्या बाबतीत छाती आणि पाण्याची रेघ मिळते ती जागा. डोळा साधारण त्याच पातळीत असतो, त्यामुळे फरक पडत नाही. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण) असेल तर जवळचा पल्ला बंद करा, म्हणजे शोधाशोध निम्म्यावर येते. तरीही जमत नसेल तर पक्षी ज्या खांबावर बसणार त्या खांबावर आधीच मॅन्युअल फोकस करून ठेवा आणि फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू करा.

आणखी एक गोष्ट. पाणी कोमट आणि हवा थंड असेल तर पाण्यालगतची हवा थरथरते. शंभर-दीडशे मीटरवरचे फोटो फोकस अचूक असूनही पाणी पुसल्यासारखे मऊ येतात. हा दोष दुरुस्त होत नाही, लेन्स बदलूनही नाही. जवळचा विषय घ्या, किंवा प्राणी छोटा ठेवून परिसराचा फोटो करा.

काठावर बसणं

अंधार असतानाच जागेवर पोहोचून बसावं, म्हणजे पक्षी तुमच्याकडे येतात; उजाडल्यावर गेलात तर तुम्ही पक्ष्यांकडे जाता, आणि ते निघून जातात. लाल उजेडाची डोक्यावरची बॅटरी पायाखालचं दाखवते आणि डोळेही अंधाराला सरावलेले राहतात. गाडी कुठे लावली ती जागा फोनवर नोंदवून ठेवा आणि कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून निघा. दाट धुक्यात ओळखीच्या तळ्याकाठीही दिशा चुकते. शेवाळलेला उतार आणि वरून घट्ट दिसणारा चिखल हे दोन धोके काठीने टोचून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाहीत. संरक्षित क्षेत्र असेल तर परवानगी आणि प्रवेशाच्या वेळा आधीच पाहून ठेवा.

कॅमेरा जितका खाली, तितका फोटो चांगला. याला एक भूमितीचं कारणही आहे. समजा पलीकडच्या काठावर १५ मीटर उंचीचं पिवळंधमक झाड आहे आणि तळं तिथे १५० मीटर रुंद आहे. उभं राहून, म्हणजे पाण्यापासून दीड मीटरवरून पाहिलं तर झाडाच्या शेंड्याचं प्रतिबिंब तुमच्यापासून साधारण १४ मीटरवर संपतं. त्याच्या अलीकडच्या पाण्यात नुसतं फिकं आकाश. कॅमेरा ३० सेंटीमीटरवर आणला की तेच प्रतिबिंब ३ मीटरपर्यंत येऊन पोहोचतं. काठालगत पोहणारी टिबुकली आता राखाडी पाण्यात नसते, वितळलेल्या पिवळ्या रंगात असते. दाट धुक्यात अर्थातच झाडच दिसत नाही, तर रंग कुठून येणार? म्हणून हा खेळ पातळ धुक्याचा, किंवा धुकं विरू लागल्यानंतरचा. रंगीत पाण्याचा पट्टा निवडा, त्यावर फ्रेम बांधा आणि पक्षी त्यात शिरेपर्यंत थांबा. पक्ष्यामागे कॅमेरा पळवणाऱ्याला असे फोटो क्वचित मिळतात.

जमिनीवर ठेवलेली बीनबॅग या उंचीला ट्रायपॉडपेक्षा उपयोगी पडते. खाली जलरोधक चटई घ्या, नाहीतर दहा मिनिटांत दव कपड्यांतून आत येतं. हलणारा स्क्रीन असेल तर मान वाचते. ट्रायपॉड वापरत असाल तर पाण्यात किंवा चिखलात उभे केलेले पाय घरी गेल्यावर उघडून वाळवा.

प्राणी अस्वस्थ झाल्याच्या खुणा शिकून घ्या. चरणारं बदक चरायचं थांबून मान ताणून उभं राहिलं, सगळ्या थव्याची तोंडं एका दिशेला वळली, पक्षी पोहत पोहत तुमच्यापासून दूर सरकू लागले, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. थांबा, खाली बसा, हवं तर मागे सरका. शरदात अनेक तळी स्थलांतरित पक्ष्यांचे मुक्काम असतात. पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी विनाकारण उडण्यात खर्च व्हावी इतका कुठलाच फोटो मोलाचा नाही. आवाज वाजवून बोलावणं, खाणं टाकणं, दगड मारून थवा उडवणं, यातलं काहीही नको. दुर्मीळ पक्षी किंवा त्यांची रात्रीची निवाऱ्याची जागा सापडली तर फोटोसोबत नेमकं ठिकाण टाकू नका.

कशाची वाट बघायची

धुक्यात फार वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. घडत असतं, फक्त त्याच्या आधीच्या खुणा माहीत हव्यात.

बदक अंघोळ करताना डोकं पाण्यात बुडवून पाठीवर पाणी उडवतं, मग पिसं सारखी करतं. यानंतर ते बहुतेकदा पाण्यावर उभं राहिल्यासारखं अंग वर उचलतं आणि दोन-चार वेळा जोरात पंख झटकतं. अंघोळ सुरू झालेली दिसली की शटर स्पीड वाढवून ठेवा आणि फ्रेममध्ये वर व बाजूंना जागा सोडा, नाहीतर पंखांची टोकं कापली जातील. मागून प्रकाश असेल तर उडालेला प्रत्येक थेंब चमकतो. नर मॅलार्ड बदकाचं हिरवं डोकं शरदाच्या सुरुवातीला शोधू नका. पिसं झडण्याच्या काळात तो मादीसारखा तपकिरी दिसतो आणि नवा साज चढायला वेळ लागतो.

हंस आणि कलहंस उडण्याआधी मान वरखाली हलवू लागतात, एकाचं बघून दुसरा. मग वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर धावत सुटतात. म्हणजे वाऱ्याची दिशा माहीत असेल तर ते तुमच्याकडे येणार की दूर जाणार हे आधीच कळतं. धावताना पाण्यावर उमटलेल्या पावलांच्या ओळी फोटोत याव्यात म्हणून फ्रेम जरा सैल धरा.

बगळा स्थिर आहे म्हणून मोबाइल काढू नका. तो मान हळूहळू पुढे झुकवतो, मग अगदी गोठतो. पुढची गोष्ट बहुतेकदा चोचीचा झटका. शेपटीकडून पांढरी पिचकारी उडाली तर उडायची वेळ झाली असं समजायला हरकत नाही. टिबुकली बुडी मारते आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत वर येते, कुठे ते ती ठरवते. ती पाण्याखाली असताना हालचाल उरकून घ्यावी: जागेवरून सरकणं, कार्ड बदलणं, शिंक देणं.

काठावर हरणं उतरत असतील तर शरद हा त्यांच्यातल्या अनेकांचा माजाचा काळ. युरोपातल्या लाल हरणांचे नर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पहाटे डरकाळ्या फोडतात आणि थंडीत तोंडातून वाफेचा लोट निघतो. तो लोट फोटोत यायला मागून प्रकाश आणि मागे गडद झाडी, दोन्ही हवं. फिक्या धुक्यासमोर वाफ दिसतच नाही. माजावरच्या नरापासून ५० मीटर तरी दूर रहा. तो धोकादायक असतो.

फ्रेम बांधताना

माझं स्पष्ट मत: धुक्यात प्राणी फ्रेमभर मोठा करू नये. जवळून घेतलेलं बदकाचं चित्र कोणत्याही दिवशी मिळतं. धुक्यात मिळते ती भोवतीची मोकळी जागा, आणि तीच भरून टाकली तर मग एवढ्या लवकर उठायचं कशाला? फ्रेमचा दहावा हिस्साही प्राण्याला दिला तरी चालतो, पण मग त्याची आकृती स्वच्छ वाचता आली पाहिजे. बगळ्याची चोच अंगासमोर आली तर तो नुसता खुंट दिसतो. बाजूने दिसली की बगळा दिसतो. दोन पक्ष्यांमध्ये थोडी फट हवी.

एखादी गडद गोष्ट जवळ हवीच. पाणकणसाचे दोन-चार दांडे, ओली काळी फांदी, असं काही कोपऱ्यात असलं की मागचे थर एकेक करून फिके होत गेलेले कळतात. सगळंच फिकं असेल तर धुकं आणि एक्स्पोजरची चूक यांत फरक कळत नाही.

क्षितिज सरळ ठेवणं धुक्यात अवघड जातं. दूरचा काठ तिरका जात असतो आणि त्यावरून फोटो सरळ करायला गेलात तर पाणी ओतल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा वस्तू आणि तिचं प्रतिबिंब बघा. खांबाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचा शेंडा नेहमी एकाच उभ्या रेषेत असतात. ती रेषा उभी झाली की फोटो सरळ झाला. प्रतिबिंब घेतलं तर पूर्ण घ्या. मानेत कापलेलं प्रतिबिंब कापलेल्या मानेइतकंच खुपतं.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) बहुतेक वेळा पिशवीतच राहू द्या. तो ओल्या पानांचा रंग खुलवतो हे कबूल, पण एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो) आणि जे प्रतिबिंब हवं आहे तेच पुसतो.

दव, थंडी आणि सामान

लेन्सच्या काचेवर दव धरणं हा या कामातला रोजचा उपद्रव. लेन्स हूड कायम लावा, त्याने काच आकाशाकडे उघडी राहत नाही आणि दव उशिरा धरतं. तारे टिपणारे लोक लेन्सभोवती बारीक गरम पट्टी गुंडाळतात. पॉवर बँकेवर चालणारी ती पट्टी इथेही छान चालते, फक्त अगदी मंद ठेवायची. काच तोंडाने फुंकून पुसू नका, श्वासाची वाफ आणखी वाढते. दोन-तीन मऊ कोरडी फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण पहिलं अर्ध्या तासात ओलं होतं.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादाची बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा, आणि उतरलेली बॅटरीही तिथेच गरम करून पुन्हा घालून बघा. बऱ्याचदा आणखी काही फोटो देते. धुक्यात लेन्स बदलणं टाळा.

परत निघताना गार कॅमेरा थेट उबदार खोलीत नेला तर त्याच्या आत-बाहेर पाणी धरतं. बाहेरच असताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि आत गेल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. कार्ड मात्र पिशवीत घालण्यापूर्वी काढून घ्या, म्हणजे वाट बघताना फोटो बघता येतात.

संगणकावर

डीहेझ नावाचा स्लायडर समोर दिसला की हात शिवशिवतो. तो पूर्ण फोटोवर ओढला तर धुकं जातं, त्याबरोबर फोटोही. कॉन्ट्रास्ट फक्त पक्ष्यावर मास्क करून वाढवा, तोही त्याच्या अंतराला शोभेल इतकाच. दूरच्या झाडांमध्ये शुद्ध काळा रंग आणू नका. धुक्यात तो फक्त जवळच्या वस्तूंना असतो. हिस्टोग्राम दोन्ही टोकांपर्यंत ताणायलाच हवा असं काही नाही. अरुंद हिस्टोग्राम हीच धुक्याची ओळख आहे.

नॉइज कमी करताना पार्श्वभूमीवर हात सैल सोडा, पिसांवर आवरता घ्या. पिवळी-तांबडी पानं संगणकावर नेहमीच आणखी भडक करावीशी वाटतात. धुक्यातला रंग दुधात मिसळल्यासारखा असतो, म्हणून सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी पिवळ्याची उजळी थोडी वाढवून बघा.

शेवटचा सापळा एक्सपोर्टचा. धुक्याच्या हळूहळू बदलणाऱ्या छटांमध्ये पायऱ्या पडलेल्या दिसतात, विशेषतः फाइल फार दाबली की. सगळं काम १६ बिटमध्ये करा, जेपेग उच्च दर्जावर काढा, आणि पाठवण्यापूर्वी ती फाइल फोनच्या स्क्रीनवर पूर्ण उजेडात एकदा बघा. पट्टे तरीही दिसत असतील तर शेवटी अगदी बारीक ग्रेन (कृत्रिम दाणे) टाकला की ते मोडतात.